कचऱ्याला रुईचा भाव

कापूस सरकी काढणाऱ्या जिनात साफ करायचा की सूत कातणाऱ्या गिरणीत, हा वाद मी व्हीजेटीआयच्या वर्कशॉपात पहिल्यांदा ऐकला आणि आता नेरूळच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरही ऐकतो, कारण जुन्या गिरण्यांतले दोन मास्तर तिथे अजून ठणठणीत आहेत. त्यांचं म्हणणं ठरलेलं : गिरणीतली ब्लोरूम कशासाठी आहे? गाठ फोडा, झोडपा, कार्डावर घाला, कचरा निघतो. माझंही ठरलेलं : सरकी आत असताना कचरा निघाला तर निघाला. एकदा तो जिनाच्या रोलरखालून गेला की त्याची पूड होते आणि ती रुईत मुरते. मग झोडपत बसा. या लेखात त्या दोघांना मध्येच तोंड घालता येणार नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

रेचा, चरकी, पिंजाऱ्याची धनुकली हे वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालतो. आपल्याकडे कापसाच्या सफाईचा इतिहास यंत्रांपासून सुरू होत नाही, कायद्यापासून होतो. १८२९ साली मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध रेग्युलेशन काढलं. १८६३ मध्ये, अमेरिकेत यादवी पेटलेली आणि मुंबईत शेअरांचं वेड शिगेला चाललेलं असताना, दुसरा कायदा आला. दोन्हींतला आरोपी एकच : वाळू, पाणी, सरकी, पालापाचोळा घालून वजन वाढवणारा. लँकेशायरची तक्रार होती की हिंदुस्थानचा कापूस घाणेरडा. कापूस घाणेरडा नव्हता, केला जात होता. आणि तो केला जात होता कारण घाणीचे पैसे मिळत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

साहेबाने यावर यंत्राचा उतारा शोधला. १८४० च्या दशकात अमेरिकन मळेवाले आणून धारवाडकडे करवती जिन रुजवले. ‘सॉ-जिन्ड धारवाड’ ही बाजारातली खरीखुरी जात झाली. बाकी ठिकाणी मात्र करवत चालली नाही. आपला आखूड धाग्याचा कापूस करवतीत तुटायचा. अखेर मॅकार्थीचा रोलर जिन, त्याचं पेटंटही १८४० चंच, इथे घट्ट बसला आणि त्याचा दोन रोलरांचा वंशज, आपला डी.आर. जिन, आजही खामगावपासून यवतमाळपर्यंत खडखडतो आहे. फोर्ब्स वॉटसन यांचा १८७९ चा अहवाल जिनांवर आणि हिंदी कापसाच्या सफाईवर आहे. दोन्ही विषय एकत्र घ्यायला हवेत हे तेव्हाच कुणाला तरी कळलं होतं. आमच्या कट्ट्यावर ते अजून पोचलेलं नाही.

गिरण्यांबद्दल थोडक्यात. डावरांची ताडदेवची गिरणी १८५४ ची, त्यावर इतकं लिहून झालं आहे की मी भर घालत नाही. बेल ब्रेकर, क्राइटन ओपनर, पॉर्क्युपाइन बीटर, स्कचर ही सगळी मंडळी मुळात एकच काम करतात : कापूस जाळीवर आपटायचा, जड ते खाली पडतं. दर माराला थोडा कचरा पडतो, थोडा धागा तुटतो आणि धाग्यात नेप नावाच्या बारीक गाठी वाढतात. जुन्या रांगेत असे पाच-सहा मार असत. आताच्या आयात ब्लोरूममध्ये मार कमी आणि हुशारी जास्त, एवढाच फरक.

पण एका गोष्टीपाशी थांबावं लागेल. ब्लोरूममध्ये आणि कार्डिंगमध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसांची छाती. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, दुसऱ्या दिवशी जरा सैल पडायची, वर्षं गेली की ती सैल पडेनाशी व्हायची. बिसिनोसिस. कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टात तो व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. केईएमच्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांवर पुष्कळ काम केलं. या रोगामागची धूळ मुख्यतः रुईची नव्हे, बोंडाखालच्या वाळक्या पत्तीची आणि तिच्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या विषाची. म्हणजे विदर्भातल्या जिनात जी पत्ती पाच मिनिटांत जाळीखाली पडली असती, ती गाठीत बांधून, रेल्वेने लालबागला आणून, माणसांच्या छातीत उतरवली गेली. ‘गिरणी बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना मी हे प्रत्येक वेळी ऐकवतो. ते चहा मागवतात.

आता माझ्या लाडक्या यंत्राकडे येतो.

इन्क्लाइन्ड क्लीनर, आपल्या जिनवाल्यांच्या भाषेत नुसता ‘प्री-क्लीनर’, दिसायला अगदी सामान्य आहे. उतरत्या चौकटीत एकामागोमाग एक पाच-सहा सिलिंडर, प्रत्येकावर खिळे, खाली सळ्यांची नाहीतर भोकांची जाळी. सरकीसकट कापूस खालच्या टोकाने आत जातो. पहिला सिलिंडर त्याला जाळीवरून घासत वर फेकतो, दुसरा झेलतो, पुन्हा घासतो, पुन्हा फेकतो. कापूस चढत जातो, पत्ती, माती, वाळू जाळीतून खाली गळत जातात. यात कापसाला मार बसतो, पण रुईला बसत नाही, कारण धागा सरकीला धरून असतो. खिळा लागतो तो पुंजक्याला. सुट्या रुईवर तोच खिळा चालवा, धागा तुटेल. दोन वाक्यांत मांडता येणारा हा फरक किती जणांना समजावला याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

डी.आर. जिनात हे का महत्त्वाचं, तेही सांगतो. चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर, प्रत्येकावर दाबून बसवलेली स्थिर सुरी, मध्ये वरखाली होणारी हलती सुरी. धागा रोलरला चिकटून स्थिर सुरीखालून ओढला जातो, सरकी पलीकडे जात नाही, हलती सुरी तिला ढकलून पाडते. उत्तम यंत्र आहे, धाग्याची लांबी जपणारं. पण रोलर धाग्याला चिकटलेल्या पत्तीला ओळखत नाही. ती धाग्याबरोबर सुरीखाली जाते आणि चुरा होऊन बाहेर येते. आत गेली तेव्हा नखाएवढी होती, चिमटीने उचलता आली असती. बाहेर आली ती मिरपुडीसारखी.

काड्या आणि बोंडाची टरफलं मात्र इन्क्लाइन्ड क्लीनरच्या आवाक्याबाहेरची. त्यासाठी स्टिक मशीन लागतं : करवती पट्ट्यांचा सिलिंडर पुंजका घट्ट धरून गरगर फिरतो आणि काडी नुसत्या वेगाने बाहेर भिरकावली जाते. हाताने वेचलेल्या कापसात तिचं काम फारसं पडत नाही, म्हणून आपल्याकडे ते कमी दिसतं. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही कॅटलॉगात ठळक छापलेली नसते : कापूस ओला असेल तर यातलं कुठलंच यंत्र नीट चालत नाही. सफाईला सहा-सात टक्के ओल बरी, गाठ दाबायला आठ. हिवाळ्याच्या सकाळी दवात भिजलेली गाडी थेट क्लीनरवर घालून ‘मशीन कचरा काढत नाही’ म्हणणारे मी पाहिले आहेत.

आमच्या मातुंग्याच्या प्रयोगशाळेबद्दल दोन शब्द. ‘आमच्या’ म्हणतो, पगार तिथला नव्हता, पण व्हीजेटीआयपासून चालत जाण्याच्या अंतरावर ती होती आणि तिथल्या ग्रंथालयात मी फार बसलो आहे. १९२४ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ती सुरू झाली, टर्नर पहिले संचालक. आज तिला सिरकॉट म्हणतात. सुरुवातीचं काम नव्या वाणांचं सूत काढून ते कितपत चांगलं निघतं हे बघण्याचं. नमुना आधी साफ करावा लागे, म्हणून सफाईचा अभ्यास तिथे ओघानेच आला. पुढे १९८५ मध्ये नागपूरला जिनिंग प्रशिक्षण केंद्र निघालं. जिनाच्या फिटरला कापूस म्हणजे काय हे शिकवणारी जागा, ही कल्पना मला आजही थोर वाटते. तिथे शिकून गेलेला फिटर क्लीनरच्या जाळीत बोटभर फट राहिली तर आवाजावरून सांगतो.

मुंबईच्या गिरणी संपानंतर आम्ही गिरणीवाले पांगलो. काही जण सुरतेला गेले, काही घरी बसले, मी यंत्रांच्या तपासणीच्या कामाने विदर्भात फिरू लागलो. तेव्हाचे जिन म्हणजे अंगणात मातीवर कापसाचे ढीग, त्यावर कुत्री, बायका टोपल्यांतून डोक्यावरून कापूस वाहून जिनाच्या तोंडाशी ओतत, रुई पुन्हा जमिनीवर पाला हाऊसमध्ये. तो सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीचा, १९७२ पासूनचा काळ. सगळेच त्याला नावं ठेवतात, मीही ठेवली. पण ग्रेडर निदान कापूस हातात घेऊन बघायचा, पत्ती मोजायचा, कवडी बाजूला काढायचा. बरा कापूस आणि वाईट कापूस यांत पैशांचा फरक कागदावर तरी होता.

मग २००० साली टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन आलं. त्याच्या चौथ्या मिनी मिशनमध्ये जिनिंग-प्रेसिंगचं आधुनिकीकरण होतं आणि सूत्रं कॉटन कॉर्पोरेशनकडे, म्हणजे आमच्या बेलापूरच्या सेक्टर १० मधल्या कापूस भवनाकडे. दहा वर्षांत देशभर आठशेच्या वर जिन सुधारले. फरशा झाल्या, कन्व्हेयर आले, टोपल्या गेल्या, यादीत प्री-क्लीनर आला. मी तेव्हा खरोखर आनंदात होतो. ज्या यंत्रासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला ते सरकारी मदतीने बसत होतं.

बसलं. चालतं का?

यवतमाळकडच्या एका जिनात आम्ही पाहणीला गेलो तेव्हा क्लीनर झकास फिरत होता. जेवून परत आलो तर कापूस बगलेच्या डक्टने थेट जिनावर जात होता, क्लीनर मोकळाच गरगरत होता. मालकाने लपवाछपवी केली नाही. म्हणाला, “साहेब, कचरा बी तं रुईच्याच भावानं जाते नं. मी कायले खाली पाडू?” मी हिशेब मांडला, तो त्याच्या बाजूनेच निघाला. खंडीचा भाव ५५ हजार रुपये धरा. १७० किलोच्या गाठीत दोन टक्के कचरा म्हणजे ३.४ किलो, रुईच्या भावाने सव्वापाचशे रुपये. दिवसाला शंभर गाठी बांधणाऱ्याचे पन्नास हजारांवर. क्लीनरने तो कचरा खाली पाडला तर त्याला कोणी विचारत नाही, वर विजेचं बिल. सौद्यात कचऱ्याची मर्यादा असते, तिच्या वर गेलं तर कपात होते, हे खरं. पण मर्यादेच्या आत सगळे सारखे. तीन टक्क्यांची सूट असताना दीड टक्क्यावर थांबणारा जिनवाला दीड टक्का फुकट घालवतो. १८२९ चा वाळू मिसळणारा दलाल आणि हा सज्जन मालक यांच्यात नीतीचा फरक आहे, गणिताचा नाही.

अमेरिकेत नेमकं उलटं आहे, म्हणून सांगतो. तिथे युद्धानंतर वेचणीची यंत्रं शेतात उतरली, कचरा बेसुमार वाढला आणि जिनात ड्रायर, इन्क्लाइन्ड क्लीनर, स्टिक मशीन, पुन्हा क्लीनर, जिन, त्यावर सुटी रुई साफ करणारे दोन-दोन लिंट क्लीनर अशी रांग लागली. भाव पत्तीच्या ग्रेडवर कापला जातो, म्हणून तिथले जिनवाले गरजेपेक्षा जास्त साफ करतात. त्यांच्याच संशोधकांना सांगावं लागलं की बाबांनो, दुसऱ्या लिंट क्लीनरने धागा तुटतो आणि वजनही जातं, एकावर भागवा. तिथे भावाने यंत्र जास्त चालवलं, इथे भावाने ते बंद पाडलं.

हे न बघता आपल्याकडचे काही सल्लागार, नावं घेत नाही, करवती लिंट क्लीनरचा आग्रह धरतात. हाताने वेचलेला, रोलरवर जिन केलेला, लांबी जपलेला कापूस शेवटी करवतीवर घालायचा! रुई दिसायला पांढरीशुभ्र होते, फोटो छान येतो. आखूड धाग्याचं प्रमाण त्या फोटोत दिसत नाही.

प्लॅस्टिकचा प्रश्न वेगळा आणि त्यात माझा क्लीनर निरुपयोगी आहे, उलट घातक. खताच्या गोणीचा तुकडा खिळ्यांखाली गेला की त्याचे शेकडो तंतू होतात. ते रंग धरत नाहीत आणि विणून, रंगवून झालेल्या कापडावर ठिपक्यांनी उठतात. त्यावर कॅमेऱ्याने बघून हवेने उडवणारी यंत्रं गिरण्यांनी घेतली आहेत, किमती ऐकून घाम फुटतो. वेचणाऱ्या बाईच्या हातात सुती पिशवी आणि डोक्याला फडकं दिलं तर त्यातलं निम्मं काम वाचेल. सकाळी पत्ती दवाने मऊ असते, चुरत नाही, तेव्हाच वेचा, हे सांगायलाही यंत्र लागत नाही. मात्र त्या बाईला मजुरी किलोवर मिळते. पत्ती वेगळी काढत बसली तर तिचंच नुकसान. साखळीच्या पहिल्या कडीपासून शेवटपर्यंत कचऱ्याचं वजन कोणीतरी विकत घेतंच आहे.

२०२३ मध्ये गाठींसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. जिनवाल्यांचा विरोध होता, तो मला समजतो. आदेशात मर्यादा असते, मर्यादेच्या खाली जाण्याचं बक्षीस नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं, आणि आमच्या न्हावा-शेव्याला ऑस्ट्रेलियाचा यंत्राने वेचलेला, तरीही आपल्यापेक्षा स्वच्छ कापूस उतरवणं गिरण्यांना आणखी सोपं झालं. हाताने वेचणारा देश यंत्राने वेचणाऱ्याकडून साफ रुई घेतो!

आता विदर्भात वेचणीला माणसं मिळत नाहीत. दाट लागवड, पानगळीची फवारणी आणि वेचणी यंत्र यांचे प्रयोग चालू आहेत. यंत्राने वेचलेल्या कापसात काड्या येणार, टरफलं येणार, ओली हिरवी पत्ती येणार. तो कापूस बगलेच्या डक्टने जिनावर सोडला तर रोलर दुपारपर्यंत बसेल. तेव्हा प्री-क्लीनरही लागेल, स्टिक मशीनही लागेल आणि खाली पडलेला कचरा कोणाच्या खात्यात टाकायचा हेही ठरवावं लागेल. माझं मत सोपं आहे : गाठीचा भाव निव्वळ रुईवर धरा, कचऱ्याचं वजन प्रत्येक गाठीतून वजा करा, दीड टक्का असो की चार. प्रयोगशाळेत कचरा मोजणारा शर्ली अॅनालायझर आहे, त्याला एका नमुन्याला काही मिनिटं लागतात. हे अव्यवहार्य आहे असं मला कट्ट्यावर सांगितलं जातं. सांगणाऱ्या दोघांनी जानेवारीत माझ्याबरोबर हिंगणघाटला यावं. एकाच गाडीतला कापूस अर्धा क्लीनरवरून, अर्धा बगलेने काढू, दोन्हीचं सूत मातुंग्याला कातून घेऊ आणि गाडीभाडं हरणाऱ्याने द्यावं.