विद्यार्थ्यांनी उभे केलेले विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठी इमारत येते. पण युरोपातले एक फार जुने विद्यापीठ इमारतीवाचूनच सुरू झाले. त्याला ना जमीन होती, ना राजाची देणगी. होती ती फक्त माणसे. त्यांतली पुष्कळशी परमुलखातली.

हे विद्यापीठ इटली देशातल्या बोलोन्या शहरात आहे. ते १०८८ साली सुरू झाले असे मानतात. त्या काळी बोलोन्यात कायद्याचे मोठे जाणकार राहत. ते जुन्या रोमन राज्याचे कायदे शिकवीत. ते शिकायला तरुण दूरदूरहून येत. कोणी फ्रान्समधून, कोणी जर्मनीतून. वाटेत आल्प्स नावाचे बर्फाचे डोंगर. ते ओलांडून ही मुले येत. गुरुजी आपल्या घरी किंवा भाड्याच्या जागेत शिकवीत. विद्यार्थी वर्गणी काढून त्यांना पैसे देत.

पण परक्या गावात माणसाला कोण विचारतो? त्या काळी एक वाईट चाल होती. समजा, एखादा परगावचा व्यापारी कर्ज बुडवून पळाला. मग सावकार काय करी? त्याच गावचा दुसरा माणूस हाती लागला, की त्यालाच धरी. पैसे त्याच्याकडून वसूल करी! कर्ज एकाचे, भुर्दंड दुसऱ्याला. विद्यार्थीही त्यात सापडत.

११५८ सालच्या सुमारास सम्राट फ्रेडरिक याने एक हुकूम काढला. शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्याला कोणी त्रास देऊ नये. दुसऱ्याच्या कर्जापायी त्याला धरू नये. त्याच्यावर फिर्याद झाली, तर न्याय त्याच्या गुरुजींनी करावा, नाहीतर बिशपने, म्हणजे तिथल्या मोठ्या धर्मगुरूने.

हुकूम चांगला होता. पण सम्राट राहिला दूर, आणि घरमालक बसला दाराशी! तो भाडे वाढवी. एकट्यादुकट्याचे तो कशाला ऐकेल?

तेव्हा विद्यार्थ्यांनी संघ केला. लॅटिन ही तिकडची जुनी विद्येची भाषा. त्या भाषेत अशा संघाला 'युनिव्हर्सितास' म्हणत. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द त्यातूनच आला आहे. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ इमारत नव्हे. मूळ अर्थ आहे, एकत्र आलेल्या माणसांचा संघ.

या संघाची व्यवस्था कशी होती ते पाहा. एका मुलखाचे विद्यार्थी मिळून एक गट होई. अशा गटांचे मिळून दोन मोठे संघ झाले. एक आल्प्सच्या अलीकडच्यांचा, दुसरा पलीकडच्यांचा. प्रत्येक संघाचा एक प्रमुख असे. त्याला 'रेक्टर' म्हणत. त्याला विद्यार्थीच निवडून देत.

घरभाडे किती असावे, हे आता पंच ठरवू लागले. पंचांत गावकरीही असत आणि विद्यार्थीही. पुस्तके तर फार महाग. तेव्हा छापखाने नव्हते. सारे हाताने लिहायचे. म्हणून पुस्तकाचे सुटे भाग भाड्याने मिळत. विद्यार्थी त्यावरून नक्कल करून घेत. त्याचा दरही बांधून दिलेला असे.

गुरुजींनाही नियम होते. तास वेळेवर सुरू करायचा, वेळेवर संपवायचा. धड्यातला अवघड भाग गाळायचा नाही. परवानगीवाचून रजा नाही. ऐकायला पाचही विद्यार्थी आले नाहीत, तर गुरुजी गैरहजर धरले जात आणि त्यांना दंड होई! परीक्षा मात्र गुरुजींच्या हाती होती. त्यांचाही स्वतःचा संघ होता. त्यांच्या कसोटीला उतरल्याशिवाय पदवी मिळत नसे.

शहराने हे सारे का चालू दिले? कारण विद्यार्थ्यांमुळे घरांना भाडे येई, बाजार चाले. आणि संघाला इमारत नव्हती, तीच त्याची ताकद होती. जाच झाला तर सगळे उठून दुसऱ्या गावी जात. १२२२ साली तसेच झाले. पुष्कळ विद्यार्थी आणि गुरुजी पादुआ शहरात गेले. तिथे दुसरे विद्यापीठ उभे राहिले. तेही आज चालू आहे.

पुढे शहर गुरुजींना पगार देऊ लागले. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हे सगळीकडे सारखेच. विद्यार्थ्यांची सत्ता हळूहळू ओसरली. १५६३ साली सगळे वर्ग एका मोठ्या इमारतीत आले. तिच्या भिंतींवर जुन्या विद्यार्थ्यांच्या घराण्यांची हजारो चिन्हे अजून दिसतात. पण तोवर संघाचे पहिले बळ राहिले नव्हते.

संघातही उणीव होती. बायकांना त्यात जागा नव्हती. १७३२ साली लॉरा बास्सी नावाच्या विदुषीला इथे पदवी मिळाली आणि शिकवण्याची नेमणूकही झाली. पण तिला सभागृहात हवे तेव्हा शिकवता येईना. तेव्हा तिने घरीच वर्ग काढला आणि पदार्थविज्ञानाचे प्रयोग करून दाखवले. १७७६ साली बोलोन्याच्या विज्ञान संस्थेने तिला त्या विषयाचे मुख्य प्राध्यापक नेमले.

आज हे सरकारी विद्यापीठ आहे. बोलोन्या आणि आसपासच्या आणखी चार शहरांत ते चालते. ८० हजारांहून अधिक विद्यार्थी तिथे शिकतात. कायद्याबरोबर वैद्यक, शेती, यंत्रविद्या असे कितीतरी विषय आहेत. नवे संशोधनही होते. रेक्टर आता प्राध्यापकांपैकी असतो, पण तो अजून निवडूनच येतो. विद्यापीठाच्या कारभारी मंडळात विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी बसतात.

परक्या गावातल्या त्या मुलांची ओळख थोडी होती. एकेकट्याला घरमालकही जुमानत नव्हता. एकत्र आल्यावर अख्ख्या शहराला त्यांचे ऐकावे लागले. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द पुढे कधी वाचाल, तेव्हा त्याचा हा जुना अर्थ आठवा.