कृत्रिम त्वचा वाचताना आधी दोन प्रश्न विचारा

स्किन सब्स्टिट्यूट्सवर वाचायला सुरुवात केली तेव्हा मी उत्पादनांची नावंच पाठ करत बसले होते. डोक्यात काही राहिलं नाही. मग गाइडनी दोन प्रश्न दिले: हे त्वचेच्या कुठल्या थराची जागा घेतं? आणि ते शरीरावर कायम टिकतं का? तेव्हापासून प्रत्येक पेपर मी याच प्रश्नांनी वाचते.

खोल भाजल्यावर एपिडर्मिसच नाही, तर खालचा डर्मिसही जातो. अशी मोठी जखम आपोआप भरत नाही. रुग्णाचीच त्वचा काढून लावणं सर्वांत चांगलं. पण अर्ध्याहून जास्त अंग भाजलं असेल तर काढायची कुठून?

पहिला मार्ग तात्पुरता. मृत्यूनंतर दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये जपून वापरतात. मुंबईत सायनच्या रुग्णालयात २००० साली अशी स्किन बँक सुरू झाली. ही त्वचा जखम झाकते, पाणी वाया जाणं आणि जंतुसंसर्ग कमी करते. पण कायमची रुजत नाही. तिच्यामुळे वेळ मिळतो, आणि भाजलेल्या रुग्णासाठी वेळ म्हणजेच जीव.

दुसरा मार्ग डर्मिसचा. यानास आणि बर्क यांनी गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट वापरून सच्छिद्र जाळी बनवली, वर सिलिकॉनचा पापुद्रा. हेच पुढे ‘इंटेग्रा’ झालं. जाळीत रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात. साधारण तीन आठवड्यांनी सिलिकॉन काढून रुग्णाच्याच त्वचेचा पातळ थर लावावा लागतो, कारण इंटेग्रात एपिडर्मिस नसतो.

तिसरा मार्ग नेमका उलटा. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी एपिडर्मिसच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची पद्धत दिली. १९८४ मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन मुलांवर तिचा यशस्वी वापर प्रसिद्ध झाला. पण पेशींची पत्रं वाढायला काही आठवडे जातात, आणि खाली डर्मिस नसल्यानं ती नाजूक राहतात. फोड येतात, सुटून येतात.

म्हणजे प्रत्येक पर्याय त्वचेचं एखादंच काम करतो. घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं तर यातलं कुणीच परत देत नाही. बरा झालेला रुग्णही म्हणून उन्हाळ्यात हैराण होतो.

त्यामुळे प्रपोजलमध्ये ‘मी कृत्रिम त्वचा बनवणार’ असं लिहू नका. त्वचेचं कुठलं काम अजून होत नाहीये, त्यातलं एक निवडा. तोच तुमचा रिसर्च गॅप.