बोलणारे प्राणी आणि निसर्गशिक्षण : ‘दिल्ली सफारी’चा भाषिक विचार

प्राणिकथा हा आपल्या परिचयाचा कथाप्रकार आहे. पंचतंत्रातील सिंह, कोल्हा, कावळा मानवी भाषेत बोलतात. परंतु ते बोलतात माणसांविषयी. कोल्ह्याचे चातुर्य हे व्यवहारनीतीचे रूपक असते; कोल्हा राहतो कोठे, याच्याशी त्या कथेला कर्तव्य नसते. आधुनिक अ‍ॅनिमेशनपटात मात्र प्राणी स्वतःविषयी बोलू लागतात. हा बदल एका उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ.

१. कथावस्तू

निखिल अडवाणी दिग्दर्शित ‘दिल्ली सफारी’ हा हिंदी चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. तो पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने घडवला. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बांधकामासाठी जंगल तोडले जाते आणि युवराज या बछड्याचा पिता सुलतान मारला जातो. युवराज, त्याची आई बेगम, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल संसदेकडे दाद मागण्यासाठी दिल्लीला निघतात.

२. दुभाष्या पोपट

अडचण भाषेची असते. माणसांशी बोलू शकतो तो केवळ माणसाळलेला पोपट अ‍ॅलेक्स. अर्थ न जाणता केलेल्या पाठांतराला मराठीत ‘पोपटपंची’ म्हणतात. येथे तोच पोपट प्रतिनिधी ठरतो. विनोद या विसंगतीतून निर्माण होतो आणि गंभीर आशयही तिच्यातूनच उमटतो : ज्याला सत्तेची भाषा येत नाही, त्याचे गाऱ्हाणे ऐकणार कोण?

३. कुटुंबकथा आणि वास्तव

कौटुंबिक विनोदपट निसर्ग शिकवतो, तसा काही वेळा चुकीचाही शिकवतो. या चित्रपटात नर, मादी व बछडा एकत्र नांदतात. वास्तवात बिबट्या एकांतप्रिय आहे. पिल्लांचे संगोपन मादी एकटीच करते. प्रेक्षकाला आपलेपणा वाटावा म्हणून मानवी कुटुंबाचा साचा प्राण्यांवर चढवला जातो. अशा मानवीकरणाने सहानुभूती जागी होते. ज्ञानासाठी मात्र पडताळणी आवश्यक ठरते. समीक्षकाने या दोहोंची गल्लत करू नये.

४. क्रियापदाचा पक्ष

‘बिबट्या वस्तीत शिरला’ हे वाक्य आपण नेहमी वाचतो. ‘शिरणे’ या क्रियापदात परक्या जागी जाण्याची छटा आहे. म्हणजे जागा कोणाची, हा निर्णय वाक्य उच्चारतानाच झालेला असतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या बोरिवलीच्या उद्यानाला महानगराने वेढले आहे. ‘वस्ती जंगलाला भिडली’ असे म्हटले, की तीच घटना निराळी दिसते. कर्ता बदलतो आणि त्याबरोबर उत्तरदायित्वही. आमच्या पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. तेथे ‘पक्षी रस्त्यावर आले’ म्हणावे, की ‘रस्ता पक्ष्यांत आला’? ‘दिल्ली सफारी’ प्राण्यांना कर्तेपद देऊन हाच प्रश्न हसतखेळत मुलांपुढे ठेवतो.

आपली प्रगती तपासा

१) पंचतंत्रातील व ‘दिल्ली सफारी’तील बोलणारे प्राणी यांतील फरक स्पष्ट करा.

२) वन्यप्राण्यांविषयीचे पाच वृत्तपत्रीय मथळे जमवा. त्यांतील कर्ता व क्रियापद तपासा आणि तेच मथळे प्राण्यांच्या बाजूने पुन्हा लिहून पाहा.