पहिलाच युरो, तयारी मात्र पंधरा वर्षांची

सबमिशनच्या आदल्या रात्री घाईघाईत उभं केलेलं मॉडेल व्हायव्हाच्या टेबलावर कसं कोसळतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. २०१६ साली आइसलँडची फुटबॉल टीम पहिल्यांदाच युरो कपला आली आणि गाजली, तेव्हा सगळे म्हणाले, चमत्कार! मला मात्र ते वेळेत सुरू केलेलं प्रोजेक्ट वाटतं. कसं ते सांगते.

आधी रिझल्ट बघू. देशाची लोकसंख्या जेमतेम ३ लाख ३० हजार. एवढा छोटा देश तोवर युरोत खेळलाच नव्हता. १४ जूनला पहिली मॅच पोर्तुगालशी, समोर रोनाल्डो. नानीने गोल मारला, बिर्किर ब्यार्नासनने तो फेडला, १-१. (हाच पोर्तुगाल पुढे कप घेऊन गेला, बरं का!) मग हंगेरीशी १-१, ऑस्ट्रियावर २-१, आणि २७ जूनला इंग्लंडला २-१ हरवून टीम थेट क्वार्टर फायनलमध्ये. तिथे फ्रान्सने ५-२ असं धुतलं.

आता कारणं. तिथला हिवाळा लांब, अंधारा आणि वारा नुसता झोडपणारा. त्यामुळे फुटबॉल म्हणजे मुख्यतः उन्हाळ्यातला खेळ. २००० साली केफ्लाविक भागात पूर्ण मापाचं मैदान मावेल असा बंदिस्त हॉल उभा राहिला, नंतर आणखी झाले. शाळांजवळ कृत्रिम गवताची छोटी मैदानं आली. मुलं बारा महिने खेळू लागली.

दुसरं कारण कोच. फुटबॉल असोसिएशनने कोर्सेस घेतले आणि शेकडो जणांनी युएफाचं लायसन्स मिळवलं. म्हणजे अगदी लहान पोरांनाही शिकलेला कोच मिळाला. २०१६च्या टीमचे कोच दोन. एक स्वीडनचे अनुभवी लार्स लागरबॅक, आणि दुसरे हेमिर हॅलग्रिमसन, जे चक्क डेंटिस्ट!

या सोयींत वाढलेली बॅच २०११च्या अंडर-२१ युरोत पोचली. २०१३ मध्ये क्रोएशियाकडून प्ले-ऑफ हरल्याने वर्ल्ड कप हुकला. पण त्यांनी कच खाल्ली नाही. युरोच्या क्वालिफाइंगमध्ये नेदरलँड्सला दोन्ही वेळा हरवलं. आणि फ्रान्समध्ये पाचही मॅचेस सुरुवातीचे तेच अकरा जण खेळले!

२०१८ मध्ये ते वर्ल्ड कपलाही गेले आणि पहिल्याच मॅचमध्ये अर्जेंटिनाला १-१ वर रोखलं. नंतर ती बॅच वयस्कर झाली आणि पुढचे दोन युरो हुकले. म्हणजे हॉल बांधला की कप मिळतो, असं नाही. पण मुलांना खेळायला मिळतं, हे नक्की.

हे सगळं मला का लिहावंसं वाटलं? शाळेत मी डिफेंडर होते. जून आला की ग्राउंडचं तळं व्हायचं आणि प्रॅक्टिस बंद. आठवीच्या पावसाळ्यात सुटलेला फुटबॉल परत हातात, सॉरी, पायात आलाच नाही. ‘पाऊस आहे, काय करणार?’ हे उत्तर तेव्हा मला पूर्ण वाटायचं. आइसलँडचं वाचलं आणि कळलं, तो तर प्रश्न होता. त्यांनी त्यावर छप्पर घातलं.

आणि छपराचं डिझाइन आपल्याला येतं ना, मित्रांनो?