जमीन कोणाची, हे कोणता कागद सांगतो?

चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या गावात जमिनीचा विषय निघाला की सातबारा, पट्टा, निस्तार आणि झुडपी हे चार शब्द हमखास कानावर येतात. हे शब्द वापरणारे चौघे चार प्रकारच्या जमिनींबद्दल बोलत असतात आणि चौघेही ‘आमची जमीन’ म्हणतात. म्हणून कोणताही कागद समोर आला की चार प्रश्न विचारावेत. जमीन कसायची कोणी? उत्पन्न कोणाचे? वारसांना ती मिळते का? विकता किंवा गहाण ठेवता येते का? चारही उत्तरे एकाच माणसाकडे बोट दाखवत असतील, तरच तो रूढ अर्थाने पूर्ण मालक. जंगलपट्ट्यात असे कमी वेळा घडते.

सातबारा काय सांगतो, काय नाही

धानाच्या बांधीपासून, म्हणजे सातबाऱ्याच्या शेतापासून, सुरुवात करू. सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा मिळून झालेला उतारा आहे. नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ असतात, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद. कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, विक्रीवरचे निर्बंध हे सगळे ‘इतर हक्का’त लिहिलेले असते. घाईत वाचणारा नेमका हाच रकाना सोडून देतो.

भोगवटादार वर्ग 1 असेल तर जमीन सर्वसाधारणपणे मोकळेपणाने विकता येते. वर्ग 2 असेल, म्हणजे बहुतेकदा सरकारने अटींवर दिलेली असेल, तर हस्तांतरणाआधी परवानगी लागते.

पण सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. ती मुळात महसुली नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार ती चूक असल्याचे सिद्ध होईपर्यंत बरोबर मानली जाते, एवढेच. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी किंवा वारसा यांतून. शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदणीकृत असावे लागते. ‘इसार दिला, करारनामा केला’ एवढ्याने मालकी बदलत नाही.

खरेदी झाल्यावर किंवा वारस लागल्यावर फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, करून घ्यायचा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवणे कायद्याला अपेक्षित आहे. या पदाचे नवे नाव ग्राम महसूल अधिकारी. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त ठरून त्याची चौकशी होते, नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आजोबांच्याच नावावर राहिलेली जमीन पुढच्या पिढ्यांना डोईजड होते, ती बहुधा वारस फेरफार लांबणीवर पडल्यामुळे.

गावठाणातल्या घराचेही असेच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. घरपट्टी भरल्याने जागा आपली होत नाही.

आदिवासी खातेदाराची जमीन

जमीन आदिवासीच्या नावे असेल तर ‘वर्ग कोणता’ यापुढे जाऊन पाहावे लागते. संहितेच्या कलम 36-अ नुसार 6 जुलै 1974 पासून अशी जमीन बिगरआदिवासीकडे हस्तांतरित करायला पूर्वमंजुरी हवी. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पुरते. विक्रीसारख्या बाकी व्यवहारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीच्या आधी राज्य शासनाची मान्यता लागते. त्याआधी, 1 एप्रिल 1957 पासून हातची गेलेली जमीन मूळ आदिवासी कुटुंबाला परत मिळवून देण्यासाठी 1974 चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे इथे कसणे, उत्पन्न आणि वारसा खातेदाराचाच, पण विकायच्या हक्काला मुद्दाम कुलूप लावलेले आहे. सावकारी आणि फसवणूक यांतून जमिनी गेल्या, म्हणून.

वनपट्टा

गावाच्या कडेला, वनखात्याच्या हद्दीत वर्षानुवर्षे कसलेल्या शेताला सातबारा नसतो. त्याला एकेकाळी सरसकट ‘अतिक्रमण’ म्हणत. वनहक्क कायदा, 2006 ने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या अशा जमिनीवरचा हक्क मान्य केला. आदिवासींखेरीज इतरांना मात्र तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वस्ती दाखवावी लागते. दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे.

हा पट्टा जास्तीत जास्त चार हेक्टरांचा असतो. विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावेही करता येत नाही. म्हणून ‘पट्ट्याची जमीन स्वस्तात मिळतेय’ असे कोणी सांगितले तर तो व्यवहार कायद्यापुढे टिकणारा नाही, हे लगेच समजावे.

निस्तार आणि झुडपी

पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, होती. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने ती संपली आणि मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. आजही गावातल्या जुन्या तळ्याला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. निस्तार म्हणजे जळण, गवत, चराई या गावकऱ्यांच्या गरजा; त्यांच्या नोंदीसाठी निस्तारपत्रक असते. खासगी जमीन वा पाण्यावरच्या वहिवाटी, म्हणजे सिंचन, वाट आणि मासेमारी, वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेल्या असतात. इथे जमीन एकाची आणि वापर गावाचा असू शकतो. शेत घेताना शेजाऱ्याची वाट किंवा पाण्याचा पाट आपल्या बांधातून जातो का, ते वाजिब-उल-अर्जमधून कळते.

झुडपी जंगल ही महसुली दप्तरातली विदर्भाची खास नोंद. अशी जमीन वनजमीनच मानावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात स्पष्ट केले. नुसती झुडपे दिसतात म्हणून तिला पडीक समजणे महागात पडू शकते.

गाव जेव्हा हक्कदार होते

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला याच वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न उरलाच होता. तो परवाना देण्याचा अधिकार 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे आला. जंगल वनजमीनच राहिले. ते सांभाळायचे, त्यातला बांबू तोडायचा आणि विकायचा हक्क गावाचा झाला. पुढे 2013 मध्ये गावाने शेतजमिनींबाबत ग्रामदानाचा निर्णय घेतला. 1964 च्या ग्रामदान कायद्यानुसार मालकी गावाकडे जाते, कसणे आणि वारसा त्या त्या कुटुंबाकडे राहतो.

तेव्हा जमीन घेणाऱ्याने इसार देण्याआधी हा क्रम पाळावा: सातबाऱ्यातले ‘इतर हक्क’, जुने फेरफार, विकणाऱ्याकडे जमीन कशी आली त्याचा दस्त, खातेदार आदिवासी आहे का, नोंद वन किंवा झुडपीची आहे का आणि निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज काय सांगतात. यातला एकही कागद ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.