दबा कुठे धरायचा?

फुजैराच्या किनाऱ्यासमोर, ओमानच्या आखातात १०८ मीटर खोलीवर ‘यू-५३३’ ही जर्मन पाणबुडी पडून आहे. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी ती बुडाली आणि २००९मध्ये डायव्हरांना तिचा सांगाडा सापडला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुड्या पूर्वेकडच्या समुद्रात का यशस्वी झाल्या, हे समजून घ्यायलाही याच सांगाड्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्या काळची पाणबुडी म्हणजे गरजेपुरती बुडी मारणारी, पण मुख्यतः पाण्यावरून चालणारी बोट. तिचे यश तिच्या यंत्रापेक्षा ती कुठे दबा धरून बसते यावर जास्त अवलंबून होते.

‘यू-५३३’ पाण्यावर १८ नॉटपर्यंत धावे. पाण्याखाली तिचा वेग जेमतेम ७ नॉट, आणि तोही थोडाच वेळ. सावकाश ४ नॉटने गेले तरी ६० सागरी मैलांच्या आसपास बॅटऱ्या संपत. त्या भरायच्या तर डिझेल इंजिने चालवावी लागत आणि इंजिनांना हवा हवी, म्हणजे वर येणे आलेच. जुलै १९४३मध्ये फ्रान्समधल्या लोरियाँहून निघालेली ही पाणबुडी हिंदी महासागरात धाडलेल्या ‘मोन्सून’ गटातली. याच गटातल्या ‘यू-१६८’ने २ ऑक्टोबरला मुंबईच्या पश्चिमेला ‘हायचिंग’ हे जहाज बुडवले. ओमानच्या आखातात इराणमधल्या आबादानच्या तेलाची ये-जा होती. पण मोकळ्या समुद्रात सावज शोधायचे तर हिंडावे लागते, आणि हिंडायचे तर वर राहावे लागते. शारजाहून निघालेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या २४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधल्या बिस्ले विमानाने तिला तसेच हेरले. ती बुडी मारत असतानाच विमानाने डेप्थ चार्ज टाकले. ५३ जणांपैकी ५२ गेले. एक खलाशी २८ तास पाण्यात तग धरून खोर फक्कानजवळ वाचला.

हा निव्वळ योगायोग, असे कोणी म्हणेल. बिस्ले हे मागे पडलेले विमान होते, आणि त्या आखातात दुसरी कुठलीही यू-बोट बुडाली नाही, हेही खरे. मात्र विमान वर घिरट्या घालत असले तरी पुरे. पाणबुडीला खाली जाऊन रांगावे लागते आणि बॅटऱ्या झिजतात. ‘यू-५३३’ला सबंध सफरीत एकही जहाज बुडवता आले नाही. शारजाचा तळ १९३२मध्ये इम्पीरियल एअरवेजच्या प्रवाशांसाठी उभा राहिला होता. त्या वाळवंटी धावपट्टीचे युद्धातले मोल एका शिकारीवर मोजू नये.

आता पेनांगकडे पाहू. मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या या बंदरात जपानी आणि जर्मन पाणबुड्यांचा तळ होता. त्रिंकोमालीहून निघालेल्या ब्रिटिश ‘टी’ वर्गाच्या पाणबुड्याही पाण्याखाली तशाच मंद, ९ नॉटच्या. पण चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी मंदपणाचे काही बिघडत नाही, कारण शत्रूच तिथून जातो. १३ नोव्हेंबर १९४३ला ‘टॉरस’ने ‘आय-३४’ ही जपानी पाणबुडी बुडवली. फेब्रुवारी १९४४मध्ये ‘टॅली-हो’ने ‘यूआयटी-२३’ आणि २३ सप्टेंबरला ‘ट्रेंचंट’ने ‘यू-८५९’ या जर्मन पाणबुड्या बुडवल्या. बुडालेल्या तिन्ही पाण्यावरून चालल्या होत्या.

गुप्त संदेश फोडून मिळालेल्या माहितीला श्रेय द्यावे, हा आक्षेप वजनदार आहे. ‘टॉरस’ला अशी पूर्वसूचना होतीच. पण बातमीने वेळ आणि जागा कळते, मंद पाणबुडीला वेग येत नाही. तिला वाट अरुंदच हवी. उलट भूमध्य समुद्रात, जिथे स्वच्छ पाण्यात विमानाला बुडी मारलेली पाणबुडीही दिसे, ब्रिटिशांनी फार बोटी गमावल्या. सबंध युद्धात त्यांच्या ७०हून अधिक पाणबुड्या गेल्या. म्हणजे त्यांचे यंत्र किंवा त्यांचे खलाशी काही अजिंक्य नव्हते. मला सर्वांत पटणारा पुरावा ८ जून १९४५चा आहे. बांका सामुद्रधुनीत आर्थर हेझलेट यांच्या ‘ट्रेंचंट’ने ‘आशिगारा’ या जपानी क्रूझरवर आठ टॉर्पेडो सोडले, त्यांतले पाच लागले. पाठलागात ही क्रूझर ‘ट्रेंचंट’च्या हाती कधीच लागली नसती, ३० नॉटच्या वर धावणारे ते जहाज त्या अरुंद वाटेत स्वतःहून तिच्या समोर आले.