फळा दिसतो का?

जून जवळ आला की घरोघरी शाळेची तयारी सुरू होते. वह्यांना कव्हरं चढतात, दप्तर, रेनकोट, बूट यांची खरेदी होते. पण आपल्या मुलाला वर्गात बसल्या जागेवरून फळ्यावरचं दिसतं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आणि मूल स्वतःहून सांगत नाही. ज्याला हळूहळू अंधुक दिसू लागलेलं असतं, त्याला वाटतं जग असंच असतं. शेजारच्या मुलालाही फळा असाच धूसर दिसत असणार!

मग ते आपल्या परीनं मार्ग काढतं. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं, डोळे बारीक करतं, मान तिरकी करून पाहतं, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतं. वहीत 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ' झालेला असतो. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'अभ्यासात लक्ष नाही.' घरी बोलणी बसतात, शिकवणी लावली जाते. तिथंही फळाच असतो.

मुलाबरोबर त्याच्या डोळ्याचा गोलही वाढत असतो. तो गरजेपेक्षा लांब झाला की लांबच्या वस्तूची प्रतिमा आतल्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. जेमतेम एक मिलिमीटर जास्त वाढ झाली, तरी चष्म्याचा नंबर अडीच-तीनच्या घरात जातो. चष्मा घातल्यानं नंबर वाढतो हा समज म्हणूनच चुकीचा आहे. वाढतो तो डोळा. चष्मा काढून ठेवल्यानं तो थांबत नाही, मुलाचा अभ्यास मात्र थांबतो. मुलीला चष्मा लागला की तिच्या लग्नाची काळजी करणारी घरं अजूनही आहेत. त्यांना काय म्हणावं?

याहून अधिक घाई करावी लागते ती 'आळशी डोळ्या'च्या बाबतीत. एका डोळ्याला मोठा नंबर असतो, दुसरा चांगला असतो. मेंदू चांगल्या डोळ्याकडूनच काम करून घेतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मूल धावतं, खेळतं, वाचतं. कुणाला शंकाही येत नाही. चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून दुबळ्या डोळ्याला कामाला लावता येतं. पण हे सात-आठ वर्षांच्या आत झालं तर उत्तम. पुढे सुधारणा होणं कठीण होत जातं.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे लांबून वाचायला सांगा. आधी एका डोळ्यावर तळहात ठेवून, मग दुसऱ्यावर. डोळा दाबू नका. दोन्हींत फरक आढळला, किंवा एक डोळा झाकताच मूल हात बाजूला सारू लागलं, तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. सगळं ठीक वाटलं तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा तपासणी हवीच. लहान मुलांचे डोळे औषधाचे थेंब घालून तपासावे लागतात, कारण त्यांचे स्नायू जोर लावून खरा नंबर लपवतात. नुसत्या कॉम्प्युटरच्या आकड्यावर चष्मा करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. खासगी शाळेतल्या मुलांच्या पालकांनी मात्र हे स्वतःच लक्षात ठेवायचं.

नंबर लागूच नये म्हणून काही करता येतं का? चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर ठेवला. तीन वर्षांत तिथल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं, इतर शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. उघड्यावरच्या लख्ख उजेडाचा हा गुण असावा, असं तज्ज्ञ मानतात. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. पालकसभेत हा तास परत मागायला हरकत नाही.

चष्मा लागलेल्या मुलाचा नंबर दर सहा महिन्यांनी पाहून घ्यावा. फ्रेम चेहऱ्याच्या मापाची आणि भिंगं न फुटणारी घ्यावीत. आणि वर्गशिक्षकांना सांगून ठेवावं, कारण शाळेत पोचताच चष्मा दप्तरात टाकणारी मुलं पुष्कळ असतात.